छोट्यांचा पियानो : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत मी घरीच पियानो शिकवते. विद्यार्थी बहुतेक पाच ते दहा वर्षांचे. त्यांचे स्वतःचे प्रश्न सोपे असतात, म्हणजे "ही खालची सोनेरी जीभ कशाला आहे?" इतपतच. खरे प्रश्न आई-बाबांचे, आणि आजी-आजोबांचे त्याहून जास्त. तेच तेच उत्तर रात्री व्हॉट्सॲपवर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे. आमचं घर मुळात पेटीवाल्यांचं. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि मी पियानोकडे आले ती कॉलेजात गेल्यावर. त्यामुळे पेटी मध्येमध्ये डोकावणार, तेवढं चालवून घ्या.

कितव्या वर्षी सुरू करावं?

माझ्याकडे येणारी बरीच मुलं सहा-सात वर्षांची असतात आणि ते वय सोयीचं पडतं. पण मी जन्मतारीख विचारत नाही. मुलाला टेबलावर पंजा ठेवायला सांगते आणि "आता फक्त मधलं बोट उचल" म्हणते. बाकीची बोटं थोडी हलली तर हरकत नाही, पण कुठलं बोट उचलायचं ते त्याला कळायला हवं. डावा-उजवा हात न अडखळता ओळखता यावा, पाचापर्यंत मोजता यावं आणि दहा मिनिटं एका जागी बसता यावं. एवढं असेल तर पाचव्या वर्षीही सुरू करता येतं. नसेल तर सहा महिने थांबा. थांबल्यानं काही बिघडत नाही. चार वर्षांच्या मुलाला जे शिकायला अर्धं वर्ष लागतं, ते सात वर्षांचं मूल दीड-दोन महिन्यांत उचलतं, असं मी अनेकदा पाहिलं आहे. तोवर घरात गा, टाळ्या वाजवा, गाण्यावर चालायला लावा. ती तयारी फुकट जात नाही.

घरी पियानो नाही. कीबोर्ड चालेल का?

पहिले काही महिने चालेल, पण कुठलाही नाही. विकत घेताना दोनच गोष्टी बघा. एक, पट्टी हळू दाबली तर आवाज हळू आणि जोरात दाबली तर मोठा येतो का? दुकानदार याला 'टच सेन्सिटिव्ह' म्हणतो. दोन, पट्ट्या पूर्ण आकाराच्या आहेत का? खेळण्यातल्या बारीक पट्ट्यांवर हात बसला की पुढे मोडायला फार त्रास होतो. ६१ पट्ट्या सुरुवातीला पुरतात. दोनशे ताल आणि चारशे आवाज असलेल्या मॉडेलला भुलू नका. त्यातला हेलिकॉप्टरचा आवाज मूल पहिल्याच दिवशी शोधून काढतं आणि मग महिनाभर घरात हेलिकॉप्टरच उडतं.

वर्षभरानंतरही मूल टिकून असेल तर ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. नवा घ्यायचा तर साधारण ४०-५० हजारांपासून पुढे जावं लागतं. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आतली लोकरीच्या फेल्टची हातोडी उडून तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. पट्टी खाली जाण्याचा वेग जितका जास्त, तितका आवाज मोठा. हातोडी एकदा सुटली की तिच्यावर आपली सत्ता संपली. मग पट्टीवर कितीही रेटा, सूर बदलत नाही. वजनदार पट्ट्यांवर मुलाला हे बोटांनी कळतं, हलक्या पट्ट्यांवर नुसतं सांगावं लागतं.

आजोबांची पेटी आहे. तिच्यावर सराव केला तर?

सूर ओळखायला, गाणं शोधायला जरूर वापरा. पण पियानोचा सराव तिच्यावर होत नाही, आणि याचं कारण पट्ट्यांची संख्या कमी आहे एवढंच नाही.

पेटीत आवाज लहान-मोठा करतो तो भाता. बोटं फक्त कुठला सूर ते ठरवतात, पट्टी अलगद दाबा नाहीतर ठोका. पियानोत ते सगळं काम बोटावर आणि हातावर येतं. दुसरं म्हणजे, भाता चालू आहे तोवर पेटीचा सूर अखंड राहतो, तर पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विरत जातो. म्हणजे पेटीवाला सूर लागल्यावर त्याला घडवू शकतो. पियानोवाल्याला जे करायचं ते पट्टी दाबण्याआधी ठरवावं लागतं. मला स्वतःला हे समजायला दोन वर्षं लागली. पेटीच्या सवयीनं मी सूर वाजल्यावर पट्टीवर दाब देत बसायचे आणि माझ्या बाई शांतपणे विचारायच्या, "आता कोणाला ढकलते आहेस?"

आणि तिसरी अडचण डाव्या हाताची. पेटीत तो भात्यावर असतो. पेटी चांगली येणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा उजवा हात पाचवीत आणि डावा बालवाडीत असतो. अशा मुलांना मी पहिले काही आठवडे सगळं डाव्या हातानंच वाजवायला लावते. जाम वैतागतात.

सा रे ग म शिकवता की सी डी ई?

दोन्ही, पण दोन वेगळ्या कामांसाठी. यात गोंधळ कसा होतो ते सांगते. गाण्याच्या क्लासला जाणारी एक सात वर्षांची मुलगी आली. मी पियानोचा मधला सी वाजवला आणि विचारलं, "हा कुठला सूर?" ती पटकन म्हणाली, "ग." तिची आई ओशाळली. पण मुलीचं शंभर टक्के बरोबर होतं. तिच्या गाण्याच्या बाईंचा सा काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवरचा होता, आणि काळी चारला सा धरला की सी हा शुद्ध गंधार होतो. मी ज्याला सी म्हणते त्याला आपले पेटीवाले पांढरी एक म्हणतात. पट्टीचं नाव कायमचं असतं. सा मात्र गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे जागा बदलतो.

म्हणून पट्टीचं नाव घ्यायचं तेव्हा सी, डी, ई. सुरांचं आपसातलं नातं सांगायचं तेव्हा सा, रे, ग. याचा फायदा फार मोठा आहे. मुलाला सी पासून सा रे ग म प वाजवता आलं की मी सांगते, आता डी हा सा. मूल पांढऱ्या पट्ट्यांवरून डी, ई, एफ असं जातं आणि थबकतं. काहीतरी चुकलं, चेहऱ्यावर दिसतं. तिथे कोमल ग लागलेला असतो. मी काही बोलत नाही. अर्ध्या मिनिटात मूल एफच्या शेजारची काळी पट्टी आपणहून शोधून काढतं. काळ्या पट्ट्या कशासाठी असतात, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

आधी गाऊन मग वाजवायचं, हा माझा हट्ट आहे. गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये मुलं अशीच शिकायची, आधी सुरांची नावं घेत गाणं, मग हातात व्हायोलिन. त्या परंपरेतूनच अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखी माणसं पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात आली.

मग पियानोवर आपलं शास्त्रीय संगीत वाजेल का?

सूर वाजतील, मींड नाही. एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाणं पियानोला शक्यच नाही, आणि त्याचे बारा सूर सारख्या अंतरावर कापलेले असतात. पेटीवरही हाच आक्षेप होता. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला बंदी घातली होती. राग शिकायचा असेल तर गळा किंवा तंतुवाद्य. पियानोकडे त्याचं स्वतःचं भांडार आहे, त्यासाठी त्याच्याकडे या.

पट्ट्यांवर नावांचे स्टिकर लावू का?

नको. मूल स्टिकर वाचतं, पट्ट्या बघत नाही. काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटांत असतात, तोच नकाशा आहे. दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी. पहिल्याच तासाला सगळे सी शोधायचा खेळ खेळतो. ८८ पट्ट्यांवर आठ सापडतात, आणि आठवा अगदी उजव्या टोकाला, शेवटची पट्टी म्हणून एकटाच बसलेला असतो. त्याच्या उजवीकडे दोन काळ्या असायला हव्यात आणि एकही दिसत नाही, असं म्हणून मुलं वाद घालतात. बरोबरच आहे, त्याच्या उजवीकडे पियानो संपलेला असतो.

बसायचं कसं? हात कसा ठेवायचा?

कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं. घरातली साधी खुर्ची छोट्यांना बुटकी पडते. खाली जुने दिवाळी अंक रचा, पाच-सहा पुरतात. मग पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली पाट ठेवा. हा पाट लोक हसण्यावारी नेतात. पाय अधांतरी असले की मूल तोल सांभाळायला खांदे आवळतं, खांदे आवळले की मनगट ताठ होतं आणि मग "हात सैल सोड" असं कितीही सांगितलं तरी उपयोग नाही. पाट ठेवला की पाच मिनिटांत फरक दिसतो.

हाताच्या आकारासाठी मी लाडवाचं उदाहरण देते. बेसनाचा लाडू वळून झाल्यावर तळहातात असतो तसा हात. आवळलात तर फुटेल, सपाट केलात तर घरंगळेल. तोच हात उपडा करून पट्ट्यांवर ठेवायचा. बोटांना आकडे असतात. दोन्ही हातांत अंगठा एक आणि करंगळी पाच. लहान मुलांचं बोटाचं टोकाकडचं पेर आत दबतं, त्यावरून सारखं टोकू नका. सांधे अजून मऊ असतात, त्याला वेळ द्यावा लागतो.

पाचही बोटं सी ते जी या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवून सुरुवात करणं सर्वात सोपं, असं वाटतं. नोटेशन वाचायला ते सोपं खरंच. हाताला नाही. पोलिश संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना ई, मग तीन काळ्या म्हणजे एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, आणि शेवटी बी, अशी बोटं ठेवायला सांगत असे. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड बोटं पांढऱ्यांवर. एकदा स्वतःचा हात तसा ठेवून बघा. पंजा आपोआप गोल होतो.

दोन महिने झाले, अजून एकही गाणं येत नाही. क्लासमध्ये नेमकं चालतं काय?

हा प्रश्न दर बॅचला येतो आणि दर वेळी थोड्या चढ्या आवाजात येतो.

सुरुवातीला पुस्तक नसतं. काळ्या पट्ट्यांवर मधल्या बोटानं, हाताचं सगळं वजन सोडून, एकेक सूर. हात वर उचलायचा, पट्टीवर पडू द्यायचा, मनगट सैल. पावसाचे थेंब, हत्तीची पावलं, दारावरची टकटक असे आवाज काढायचे. 'वर' आणि 'खाली' शिकायचं. हे सोपं नाही बरं का. पियानोवर वर म्हणजे उजवीकडे. एका मुलाला मी "आता वर जा" म्हटलं तर तो स्टुलावर उभा राहिला.

आणि एक खेळ मी कधीच गाळत नाही. डावीकडची एक खोल पट्टी दाबून धरायची, डोळे मिटायचे आणि आवाज ऐकू येणं बंद झालं की हात वर करायचा. पहिल्या वेळी मूल तीन-चार सेकंदांत हात वर करतं. दुसऱ्या वेळी थोडं थांबतं. चौथ्या-पाचव्या वेळी खोलीत इतकी शांतता होते की खालच्या भाजीवाल्याचा आवाज, पंख्याची कुरकुर सगळं ऐकू येतं, आणि त्या सगळ्याखाली तो सूर अजून असतो. माझ्याकडच्या पहिल्या वर्षाचा अर्धा भाग म्हणजे हा खेळ वेगवेगळ्या रूपांत. ज्या मुलाला सूर विरताना ऐकू येतो ते पुढचा सूर त्यात कसा मिसळायचा हे विचारायला लागतं. ज्याला येत नाही ते बोटं नेमकी टाकतं आणि वाजतं टाइपरायटरसारखं.

तोवर पाहुण्यांसमोर वाजवून दाखवायला काही नसतं, हे मला मान्य आहे. तेवढे दोन-तीन महिने पाहुण्यांना चहावर भागवा.

नोटेशन वाचायला कधी शिकवता?

साधारण तिसऱ्या महिन्यापासून, आणि तिथे पहिली अडचण येते ती शाळेच्या वहीची. आपली मुलं इंग्रजीसाठी चौरेघी वही वापरतात. तिथे "रेघेवर लिही" म्हणजे अक्षर रेघेवर बसलेलं, रेघेला टेकून. संगीतात "रेघेवरचा सूर" म्हणजे रेघ ज्याच्या पोटातून आरपार जाते तो. मूल आपलं शाळेत शिकवल्याप्रमाणे गोळा रेघेला टेकवून काढतं, आणि तो खरं तर दोन रेघांमधला सूर होतो. चूक नाही त्याची. मी जमिनीवर खडूनं पाच रेघा ओढते आणि मुलाला स्वतःच सूर व्हायला सांगते. रेघेवर म्हणजे एक पाय अलीकडे, एक पलीकडे. घरात म्हणजे दोन रेघांच्या मध्ये उभं. दोन दिवसांत प्रश्न मिटतो.

मग तीनच खुणेचे सूर पाठ करायचे. मधला सी, वरच्या ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हाचा (ट्रेबल क्लेफ) वेटोळा ज्या रेघेभोवती फिरतो तो जी, आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हाचे (बास क्लेफ) दोन ठिपके ज्या रेघेच्या दोन बाजूंना असतात तो एफ. बाकीचे तिथून मोजायचे, शेजारी की एक सोडून पुढे. कृपया प्रत्येक सुराखाली पेन्सिलीनं नाव लिहून देऊ नका. मूल मग अक्षरं वाचतं, सूर नाही. मोठं मूल मराठी वाचताना काना, मात्रा, वेलांटी असं सुटं करत बसत नाही, अख्खा शब्द एकदम वाचतं. तसंच हे.

ताल कसा शिकवता? मेट्रोनोम लागेल का?

मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगानं टिकटिक करणारं यंत्र, पहिल्या वर्षी नाही. आधी तोंडानं. हंगेरीचे संगीतकार कोडाय यांच्या पद्धतीत एका मात्रेला 'ता' आणि अर्ध्या-अर्ध्याला 'ती-ती' म्हणतात. ते चांगलंच आहे, पण माझ्याकडे खाण्याचे शब्द जास्त चालतात. 'दूध' म्हणजे एक मात्रा. 'पोळी' म्हणजे एका मात्रेत दोन. 'जिलेबी' तीन, 'साबुदाणा' चार. "दूध, दूध, पोळी, दूध" असं म्हणत टाळी दूधच्या ठोक्यालाच द्यायची. मुलं आपल्या मनानं मेनू बनवतात आणि मग तो वाजवतात. एकानं चार वेळा 'साबुदाणा' लिहिला, वाजवता आला नाही, तेव्हा स्वतःच कापून त्यातले दोन 'दूध' केले. जेवढं पचतं तेवढं घ्यावं, असं त्याच्या आजीनं ऐकवलं.

रोज किती वेळ सराव हवा?

सहा वर्षांच्या मुलाला दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. रविवारी एकदम दीड तास बसवून उपयोग होत नाही. वेळ ठरलेली असावी, शाळेतून आल्यावर खाणं झालं की लगेच, म्हणजे वाद कमी. गणपतीत आणि दिवाळीत सुट्टी पडणारच. परत आल्यावर पहिला आठवडा जुनंच वाजवायचं.

आम्हाला संगीतातलं काही कळत नाही. घरी करून कसं घ्यायचं?

कळत नाही हे कधीकधी बरंच असतं. शेजारी बसा आणि मुलाला म्हणा, "मला शिकव." ते तुम्हाला शिकवताना स्वतःच्या चुका पकडतं. जपानच्या शिनिची सुझुकींच्या पद्धतीत तर आई किंवा बाबा आधी स्वतः थोडं वाजवायला शिकतात. तेवढं नाही जमलं तरी एक करा. स्वयंपाकघरातून "चुकलं!" असं ओरडू नका. चुकल्याचं मुलाला तुमच्याआधी कळलेलं असतं.

चुकलं की प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करतो. काय करावं?

सगळी मुलं हे करतात. परिणाम असा की पहिल्या दोन ओळी शंभर वेळा वाजतात आणि शेवटची चार वेळा. आम्ही शेवटापासून शिकतो. आधी शेवटचा तुकडा, मग त्याच्या आधीचा, म्हणजे वाजवताना पुढे पुढे ओळखीचा मुलूख येत जातो.

आणि चिंचोके. पाच चिंचोके पियानोच्या डाव्या कडेला ठेवायचे. तुकडा नीट वाजला की एक उजवीकडे. चुकला की एक परत डावीकडे. पाचही उजवीकडे गेले की तो तुकडा संपला, पुढचा घ्या. मुलं आपोआप हळू वाजवायला लागतात, कारण घाई केली की चिंचोके परत जातात. "हळू वाजव" हे शब्द मी गेली कित्येक वर्षं फारसे वापरलेले नाहीत.

दोन्ही हात एकत्र कधी?

आळीपाळीनं पहिल्या महिन्यापासून, एकाच वेळी साधारण सहा महिन्यांनी. दोन्ही हातांनी एकच सुरावट वाजवणं ही सोपी वाट आहे. हंगेरीचा संगीतकार बार्टोक यानं आपल्या पीटर या मुलाला शिकवताना ज्या रचना केल्या त्यातल्या अगदी पहिल्या अशाच आहेत. तो सहा भागांतला १५३ रचनांचा संग्रह मी हळूहळू सगळ्यांकडून थोडाथोडा वाजवून घेते. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो. आपल्याला, मुलांना नाही.

'खरं' क्लासिकल कधी येणार?

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. जर्मन संगीतकार शूमाननं १८४८ साली मोठ्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी छोट्या रचना लिहायला घेतल्या, त्या वाढत वाढत ४३ झाल्या. त्यातल्या पहिल्या काही आठ वर्षांच्या मुलाला झेपतात. आणि जो जी मेजरमधला मिन्युएट (जुन्या नाचाच्या चालीची छोटी रचना) सगळे "बाखचा" म्हणून वाजवतात तो बाखचा नाही. तो बाखच्या बायकोच्या १७२५ च्या वहीत उतरवलेला होता म्हणून त्याच्या नावावर चढला. मूळ रचनाकार ख्रिश्चन पेत्सोल्ड. बिचाऱ्याचं नाव तेवढं निदान आपण घेऊ.

परीक्षा द्यायलाच हवी का?

नाही. पण आपल्याकडे परीक्षेशिवाय शिकणं म्हणजे नुसता टाइमपास, असं अनेकांना वाटतं, म्हणून माहिती देते. मुंबई-पुण्याची मुलं मुख्यतः दोन ब्रिटिश बोर्डांच्या परीक्षा देतात. एबीआरएसएम १८८९ पासूनचं, दुसरं ट्रिनिटी. दोन्हीकडे इनिशियल आणि मग ग्रेड १ ते ८. एबीआरएसएमच्या प्रत्यक्ष परीक्षेत तीन रचना, स्केल्स (सुरांचे चढ-उतार), न पाहिलेलं नोटेशन वाचून वाजवणं आणि कानाची चाचणी असते. एकूण गुण १५०, उत्तीर्ण व्हायला १००, मेरिटला १२०, डिस्टिंक्शनला १३०. २०२० पासून चार रचना एका सलग व्हिडिओत वाजवून पाठवायचा पर्यायही आहे. तिथे ग्रेड ६, ७, ८ द्यायच्या तर सहसा ग्रेड ५ ची थिअरी आधी पास व्हावी लागते. ट्रिनिटीत १०० पैकी ६० ला पास, ८७ ला डिस्टिंक्शन.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं परीक्षेचं नाव नको. वर्षाला एक ग्रेड असा हिशेब लावला की मूल वर्षभर तीनच रचना घोटत बसतं. ग्रेड ३ डिस्टिंक्शननं पास झालेली आणि एक नवी ओळ स्वतःहून वाचू न शकणारी मुलं माझ्याकडे आली आहेत. त्यांना परत मागे आणणं हे माझ्या कामातलं सर्वात नाजूक काम, कारण तोवर प्रमाणपत्र फ्रेममध्ये गेलेलं असतं.

यूट्यूबवर पडणाऱ्या रंगीत पट्ट्या बघून शिकला तर?

मजा म्हणून ठीक. वाचन येत नाही त्यानं.

ऑनलाइन शिकवता का?

भारताबाहेरच्या काही मराठी मुलांना शिकवते. आवाज पोचायला उशीर होतो, त्यामुळे बरोबर वाजवता येत नाही, आळीपाळीनंच. फोन चेहऱ्यासमोर नको, बाजूनं, हात आणि कोपर दोन्ही दिसतील असा. पहिले तीन महिने मोठं माणूस शेजारी हवंच, कारण पडद्यातून मनगट सैल करता येत नाही.

जुना पियानो स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

ट्यूनरला बरोबर नेल्याशिवाय नाही. मी स्वतः एकदा फसले आहे. पॉलिश असं की तोंड दिसावं, आवाज दुकानात गोड. घरी आणून ट्यून केला आणि दोन आठवड्यांत उतरला, पुन्हा केला, पुन्हा उतरला. तारा ज्या खिळ्यांवर ताणलेल्या असतात ते खिळे लाकडात सैल झाले होते, आणि त्याची दुरुस्ती पियानोच्या किमतीच्या वर गेली असती. पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्र ताण काही टनांचा असतो. ते लाकूड आणि ती लोखंडी चौकट ठणठणीत आहे ना, हे आधी बघायचं. शिवाय फेल्टला कसर, आत उंदीर.

चांगला निघाला तरी आपल्या हवेत वर्षातून दोनदा ट्यूनिंग धरा. बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीखाली ठेवू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. आत कमी वॅटचा बल्ब लावून ठेवणारी जुनी घरं मी पाहिली आहेत. त्या बल्बची ऊब कामाची असते, त्यामुळे एलईडी लावून काही होत नाही.

शेजारी तक्रार करतात.

डिजिटलला हेडफोन लावा, पण आवाज कमी ठेवून आणि रोज नाही. मुलाला खोलीतला आवाजही ऐकू यायला हवा. शेजाऱ्यांना वेळ आधी सांगून ठेवा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू वामकुक्षीमुळे वैतागायच्या, त्यांना साडेपाचची वेळ दिली. आता कोणी चुकलं तर त्याच जिन्यात मुलाला सांगतात.

मुलगा डावखुरा आहे.

उत्तम. डाव्या हाताचं माझं काम वाचलं.

पेडल कधी वापरायचं?

पेडल म्हणजे ती खालची सोनेरी जीभ, पायानं दाबली की सूर लांबवते. ती वापरायची पाय टाच टेकून पोचेल तेव्हा, साधारण नऊ-दहाव्या वर्षी. पाटावर पाय ठेवून बसणाऱ्या मुलाला त्याआधी पेडल दिलं की सगळे सूर एकमेकांत कालवले जातात आणि त्याला ते फार आवडतं. म्हणूनच नाही द्यायचं.

ती म्हणते, सोडायचंय. सोडू देऊ का?

आधी केव्हा म्हणते ते बघा. दोन हात एकत्र यायला लागतात तेव्हा, म्हणजे सहा-आठ महिन्यांनी, जवळजवळ प्रत्येक मूल एकदा म्हणतं. तेव्हा रचना सोपी करून देतो, सराव पाच मिनिटांवर आणतो, आवडत्या बालगीताचे सूर कानानं शोधायला देतो. महिन्याभरात बहुतेक जण परत रुळतात. पण तीन-चार महिने रोज रडारड होत असेल तर सोडू द्या, आणि वाद्य विकू नका. एक मुलगी आठव्या वर्षी सोडून गेली. तेराव्या वर्षी पुन्हा दारात उभी, स्वतः फोन करून वेळ घेतलेली. दोन वर्षांचं पहिल्या तीन महिन्यांत उरकलं तिनं.

पहिल्या दिवशी बरोबर काय आणायचं?

नखं कापून यायचं, दोन्ही हातांची. करंगळीचं नख हमखास विसरतात. मेहंदी चालेल. वही मी देते. पाट माझ्याकडे आहे.